कोरडी चादर

फोन आला तेव्हा अंजनाच्या चिमट्याच्या टोकाला पानाचा पापुद्रा होता. कुंडीतल्या जांभळ्या पानाच्या पाठीवरून सोलून काढलेला, कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ. काचपट्टीवरच्या थेंबात तो सुरकुती न पडता उतरवायचा तर हात हलून चालत नाही, श्वासही जरा रोखूनच धरावा लागतो. सांगलीच्या विश्रामबागेतल्या कॉलेजची ती तिसऱ्या मजल्यावरची प्रयोगशाळा, खिडक्यांतून येणारं मार्चमधलं कडक ऊन, टेबलाभोवती दाटीनं उभी असलेली दुसऱ्या वर्षाची मुलं, आणि एप्रनच्या खिशात थरथरणारा फोन. तिनं आधी पापुद्रा उतरवला, त्यावर काच झाकली, मग फोन घेतला. लेकीच्या शाळेच्या ऑफिसातल्या बाई बोलत होत्या, पाचगणीहून. त्यांचा आवाज इतका गोड होता की अंजनानं हातातला चिमटा खाली ठेवला. सकाळच्या प्रार्थनेत प्रांजल जरा खाली बसली, असं त्या म्हणाल्या. थोडा ताप आहे, अशक्तपणा आहे. काळजीसारखं काही नाही, पण इथल्या डॉक्टरांनी साताऱ्याला न्यायला सांगितलं म्हणून गाडीतून पाठवलंय, सोबत वसतिगृहातल्या मावशी आहेत, तुम्ही तिकडंच या. अंजनानं बरं म्हणून फोन ठेवला. 'पडली' असं त्या म्हणाल्या नव्हत्या, 'खाली बसली' म्हणाल्या होत्या. आणि काळजीसारखं काही नसेल तर कुणी लेकराला घाट उतरवून साताऱ्याला नेत नाही. काय करावं ते न सुचून, केवळ हाताची सवय म्हणून, ती सूक्ष्मदर्शकावर वाकली. जांभळ्या पेशींच्या फरशीवर हिरव्या ओठांच्या जोड्या, पानाची श्वास घ्यायची रंध्रं. सगळ्या मिटलेल्या. जोडून सुट्ट्या आल्या होत्या, कुंडीला कुणी पाणी घातलं नसणार, एवढंच कारण. ते ती झोपेतसुद्धा सांगू शकली असती. पण त्या मिटलेल्या ओठांकडे बघताना मुलांना त्यात काय दाखवायचं होतं तेच ती विसरून गेली.

मिस्बाह रसायनशास्त्र शिकवायची. दोघी एकाच वर्षी कॉलेजात लागलेल्या, डबा एकत्र खाणाऱ्या. तिच्याकडे गाडी होती, आणि तिला काही विचारावं लागलं नाही. अंजनाचं तोंड बघून तिनंच प्राचार्यांना सांगितलं, तिनंच अंजनाची पर्स खांद्याला लावली. सांगली मागे पडली, आष्ट्याकडचा रस्ता लागला, दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. आष्टा मिस्बाहचं माहेर. एरवी तिथून जायचं तर तिच्या अम्मीकडे चहा ठरलेला. आज तिनं गाडीचा वेगसुद्धा कमी केला नाही. अंजना नवऱ्याला, तानाजीला, फोन लावत होती. तो लष्करात, राजस्थानात, आणि त्याची तुकडी सरावाला गेली की त्याचा फोन असाच बंद लागायचा. बंद लागला ते बरंच झालं, असं तिला मनातून वाटलं आणि त्या वाटण्याचीही तिला भीती वाटली. पाचगणीची शाळा ही तानाजीची हौस. आपण पत्र्याच्या शाळेत शिकलो, पोरगी तरी धुक्यातल्या, कौलारू छपराच्या, इंग्रजी शाळेत शिकू दे. अंजनानं फार ताणलं नव्हतं. तिचं एकच म्हणणं होतं, आणि ते तिला कुणासमोर बोलता येत नव्हतं. प्रांजल रात्री गादी ओली करायची.

महापुराच्या सालापासून हे सुरू झालं. तेव्हा ते नदीकडच्या भागात तळमजल्यावर भाड्यानं राहत होते आणि पोर पाच वर्षांची होती. कृष्णेचं पाणी आलं ते आवाज न करता आलं. बाथरूमच्या जाळीतून वर आलं, मग उंबऱ्यावरून, आणि उजाडेपर्यंत पलंगाच्या पायांना लागलं. बोटीत बसताना प्रांजल कुणा अनोळखी जवानाच्या कडेवर होती आणि त्याच्या अंगावरच तिला झालं. त्यानं तिला तशीच धरून ठेवलं. पण बोटीतली एक बाई हसली. पुढे ते विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर राहायला गेले, तरी रात्रीची गादी ओली व्हायची थांबली नाही. अंजनाला हाताची एक सवय लागली: झोपेतच हात लांब करून पोरीच्या खाली घालायचा आणि चाचपायचं. कोरडं असलं की हात परत घेऊन झोपायचं, ओलं असलं की उठायचं, दिवा न लावता चादर बदलायची, पोरीला कळू न देता. पण पोरीला कळायचंच. अंधारात ती डोळे मिटून ताठ पडून राहायची, झोपल्याचं सोंग करून, आणि ते सोंग दोघी निभावून न्यायच्या. नववं लागलं तसं ते कमी झालं. शाळेत घालायच्या आधी महिनाभर गादी कोरडीच होती, म्हणून तर अंजनानं मान हलवली. आणि दिवाळीच्या सुट्टीत प्रांजल घरी आली तेव्हा एकही सकाळ ओली उजाडली नाही. पोर वाळलेली दिसत होती, ओठ फुटले होते, पण पाचगणीच्या थंडीत कुणाचे फुटत नाहीत? अंजनानं तानाजीला फोन करून सांगितलं होतं, सुटलो बाई एकदाचे. त्या कोरड्या चादरींचा तिला किती आनंद झाला होता. आता गाडीत बसून ती तो आनंद एकेका सकाळीसकट आठवू लागली.

"पाणी घे," मिस्बाह म्हणाली आणि बाटली तिच्या मांडीवर ठेवली. "तूही पडलीस तर मी दोघींना कुठं सांभाळू?"

अंजनानं झाकण उघडलं, ओठांना लावलं, पण घोट खाली उतरेना. नको असतानाही शरीर एखादी गोष्ट किती चोख करतं, तिच्या मनात आलं. वर्गात ती हेच सांगायची. जमीन सुकू लागली की ते आधी मुळांना कळतं. पानात अजून भरपूर पाणी असतं, ते टवटवीत असतं, त्याला तहानेचा पत्ताही नसतो. पण मुळाकडून रसाबरोबर एक द्रव्य वर निघतं, पानातही तेच तयार व्हायला लागतं, आणि ते रंध्राच्या दोन बाजूंच्या पेशींना पोचलं की त्या पेशी आपल्यातलं पाणी सोडून सैल पडतात आणि मधली फट मिटते. पाणी बाहेर जायचं थांबतं. त्या द्रव्याचं इंग्रजी नाव लांबलचक, म्हणून पुस्तकात त्याची ए-बी-ए ही तीन अक्षरं छापलेली असतात, आणि ती अक्षरं ओळीनं वाचून मुलं त्याला 'आबा' म्हणतात. आबांनी सांगितलं, दार लावा, की पानानं दार लावायचं. दरवर्षी कुणीतरी हा विनोद करतं, दरवर्षी वर्ग हसतो, आणि अंजनाही हसते. पण तिच्या वडलांनाही सगळे आबाच म्हणायचे.

सयाजीआबा. जत तालुक्यातल्या माळावरचं घर, मेंढरं, आणि दाराच्या आतल्या अंगाला मातीत निम्मा पुरलेला रांजण. उन्हाळ्यात त्या रांजणावर लाकडी झाकण असायचं आणि झाकणावर दगड. आबा त्याच्या शेजारीच अंथरूण टाकायचे. मारायचे नाहीत, ओरडायचे नाहीत, पण दगड हलल्याचा आवाज झाला की अंधारात नुसतं "कोन हाय?" म्हणायचे, आणि त्या दोन शब्दांनी अंगातली तहान जिथल्या तिथं गोठायची. "तहानेनं कुनी मरत न्हाई पोरी," ते सांगायचे, "सांडल्यानं मरतं." अंजनाची आई मनुबाई तर भांडं घासलेलं पाणीही जपून, फडक्यानं टिपून झाडाला पिळायची. मग कालव्याचं पाणी आलं. माळावर डाळिंबं आली, शेजाऱ्यांनी बंगले बांधले. आबांनी रांजणावरचा दगड काही काढला नाही. ते स्वतः पाणी प्यायचेच नाहीत म्हटलं तरी चालेल. सकाळी एक तांब्या, संध्याकाळी निम्मा. सांगलीला लेकीकडे आले तर नळाखाली हात धरून बसायचे, थेंब गळतोय का बघत. पाणी भरपूर आहे आबा, घ्या की, असं म्हटलं की म्हणायचे, आज हाय. शेवटी मिरजेच्या दवाखान्यात यंत्राला लावलेले, सुजलेले पाय घेऊन पडलेले आबा तिनं पाहिले होते. मूत्रपिंडं वाळली होती. डॉक्टर तिला बाजूला घेऊन एक आकडा सांगायचे, रक्तातल्या क्रिएटिनिनचा, आणि तो दर खेपेला वाढलेला असायचा. तो शब्द ऐकला की तिला आजही फिनेलचा वास येतो.

तिच्या संशोधनात द्राक्षाची रोपं होती. एकेका रोपाची मुळं दुभागून दोन कुंड्यांत लावलेली; एका कुंडीला रोज पाणी, दुसरी कोरडी ठाक. रोपाला पाणी पुरतं. तरीही पानं दार लावून घेतात, कारण कोरड्या बाजूची मुळं निरोप धाडायची थांबत नाहीत. हे तिनं मोजलं होतं, त्यावर निबंध वाचला होता, टाळ्या घेतल्या होत्या. कराड गेलं, उंब्रज गेलं. रस्त्याच्या कडेला छत्र्यांखाली स्ट्रॉबेरीच्या पेट्या मांडल्या होत्या आणि गाड्या थांबवून माणसं घासाघीस करत होती. एवढ्या उन्हात ती लालभडक फळं बघून अंजनाला मळमळलं. आपण लहानपणी माळावर असताना हे कुठंतरी आपल्या आत शिरलं असेल आणि आपल्यातून पोरीत उतरलं असेल, असं काहीतरी बिनबुडाचं तिच्या डोक्यात फिरू लागलं, आणि आपण शिकलेल्या बाईसारखा विचार करत नाही हे कळूनही ते थांबेना.

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ एका बोळात तो दवाखाना होता, मुलांचा, दोन मजली. जिन्याच्या तोंडाशीच धोंडुबाई बसल्या होत्या, वसतिगृहातल्या मावशी. मांडीवर प्रांजलचा निळा स्वेटर नीट घडी घालून धरलेला. अंजनाला बघून त्या उठल्या आणि आधी पोरीचं कौतुकच करायला लागल्या. शंभरात एक पोर. कधी हट्ट नाही, कधी रडणं नाही. बाकीच्या पोरी रात्रीच्या चार-चारदा उठवतात, अंधाराला भितात, मावशी सोबत चल म्हणतात. ही कधीच नाही.

"लय गुनाची हाय हो," त्या म्हणाल्या. "कदी पानी मागायची न्हाई. जेवताना पेला भरला तर शेजारणीच्या पेल्यात वतायची. मला वाटायचं, डोंगरावरच्या पान्याची चव लागत न्हाई पोरीला."

अंजनाला सगळं तिथं जिन्यातच कळलं. वर जाऊन डॉक्टरांनी जे सांगितलं ते तिला पूर्वीच कुणी सांगून गेल्यासारखं वाटलं. डॉक्टर तरुण होत्या, शांत होत्या, एकेक शब्द तोलून बोलत होत्या. शरीरात पाणी फार कमी झालंय, आणि हे एका दिवसातलं नाही, बऱ्याच दिवसांचं आहे. त्यातून लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग झालाय, ताप त्याचा. काल दुपारपासून लघवी झालेली नाही. आणि क्रिएटिनिन वाढलंय. बहुतेक नुसत्या पाण्याच्या तुटीनं वाढलंय, सलाइन गेलं की मूत्रपिंडं जागी होतील. बहुतेक वेळा होतात. अंजना त्यांच्या ओठांकडे बघत होती. बहुतेक हा शब्द त्यांनी दोनदा वापरला.

"आणि नाही झाली तर?" तिनं विचारलं.

"संध्याकाळपर्यंत वाट बघू. नाहीतर मूत्राशयात नळी घालून बघावं लागेल, आणि मग पुण्याला हलवू. पण आत्ता ते नको. आत्ता फक्त एकच, लघवी झाली पाहिजे."

प्रांजल खिडकीकडच्या खाटेवर होती. इतकी लहान दिसत होती की अंजनाला क्षणभर वाटलं, आपण चुकून दुसऱ्या कुणाच्या खाटेशी आलो. डोळे खोल, गालांवर तापाची लाली, आणि ओठ. ओठांवर पांढऱ्या खपल्या धरल्या होत्या आणि ते एकमेकांवर घट्ट दाबलेले होते. कपाळाला हात लावला तर चटका बसला. दारं मिटली की पान आतून तापतं. घामासारखं जे बाहेर जायचं ते जात नाही, गारवा येत नाही. हेही ती वर्गात सांगायची. तिनं हात मागे घेतला नाही. प्रांजलनं डोळे उघडले, आई दिसली, पण चेहऱ्यावर जे आलं तो आनंद नव्हता. तिनं आधी आपल्या हाताला लावलेल्या नळीकडे पाहिलं, मग वरच्या बाटलीकडे, मग पुन्हा आईकडे.

"हे बंद करायला सांग ना," ती म्हणाली. आवाज खरखरीत, कागदासारखा.

"बाळा, हे पाणी आहे. तुला हवंय ते."

"माहितीये पाणी आहे. म्हणूनच."

मग अंजना तिच्या जवळ खाटेवर बसली आणि पोर जे बोलली ते तिनं तुकड्यातुकड्यांत ऐकलं. आधी प्रांजलनं रात्रीचं पाणी सोडलं. तरी एकदा झालंच, पावसाळ्यात. तिनं पहाटे उठून चादर बाथरूममध्ये धुतली आणि ओली चादर दिवसभर गादीखाली दडवून रात्री तिच्यावरच झोपली. वास येतो असं कुणीतरी म्हणालं. कुणाला म्हणालं ते तिला कळलं नाही, पण तिला ते आपल्यालाच वाटलं. मग तिनं दुपारचंही सोडलं. दूध सोडलं. रस्सा, वरण, कलिंगड, ज्यात ज्यात पाणी आहे ते सगळं. आधी डोकं दुखायचं. नंतर तहानच लागेनाशी झाली. त्याचं तिला बरं वाटायचं, सांगताना ती थोडी हसलीही आणि ओठाची खपली फुटून रक्ताचा ठिपका आला.

"तूच तर दाखवलंस ना, मे महिन्यात, लॅबमध्ये," ती म्हणाली. "आत पाणी कमी आलं की झाड दारं लावून घेतं. मग बाहेर काही जात नाही."

अंजनाच्या मागे उभी असलेली मिस्बाह खिडकीकडे वळली. अंजनाला काहीतरी बोलायचं होतं. मिटल्या दारातून हवाही आत येत नाही, पान आपलं अन्न शिजवू शकत नाही, उपाशी राहतं, आणि तसंच राहिलं तर पिवळं पडून गळतं. हे पुढचं त्या दिवशी सांगायचं राहिलं होतं, कारण पोर तेवढ्यात कुंड्यांशी खेळायला पळाली होती. पण आता ते सांगायची भीती वाटली. हे लेकरू जे ऐकतं ते मनात धरून ठेवतं आणि मुकाट्यानं करत राहतं. आबांचा "कोन हाय?" तिनं कधी ऐकला नव्हता, ती पाळण्यात होती तेव्हाच ते गेले. तरीही ती रांजणाशेजारी झोपलेल्या पोरीसारखी झोपत होती. अंजना एवढंच म्हणाली, की आता दारं उघडायची. पोरीनं मान फिरवली.

दुपारभर तेच चाललं. मंगल सिस्टर म्हणून एक नर्स होती, वाई भागातली, जाडजूड, हसरी. तिनं भांडं लावून पाहिलं, नळ सोडून पाहिला, पोटावर कोमट पाण्याची पिशवी ठेवून पाहिली. प्रांजल डोळे मिटून, दात आवळून पडायची. अंजनाला वाटलं, हिला होत नाही असं नाही, ही होऊ देत नाही; मग लगेच वाटलं, नाही, तसं असतं तर बरं होतं, खरोखरच होत नसेल तर? मिरजेतल्या खाटेवरचे आबांचे पाय तिच्या डोळ्यांपुढे आले, दाबलं की बोटाचा खड्डा तसाच राहायचा. तिनं चादर वर करून प्रांजलचे घोटे दाबून पाहिले. मग थोड्या वेळानं पुन्हा दाबून पाहिले. बाटलीतले थेंब पडत होते. एवढं पाणी आत जातंय आणि कुठं जातंय? बाहेर यायला वाट नसेल तर ते कुठं साठतंय? महापुरात जाळीतून वर आलेलं ते काळं पाणी तिला दिसलं आणि तिनं डोळे मिटून घेतले, पण मिटल्या डोळ्यांतही ते चढतच राहिलं. मिस्बाहनं खालून चहा आणला. तो गार होऊन त्यावर साय धरली. तानाजीचा फोन लागला तेव्हा अंजनानं ताप आहे एवढंच सांगितलं, आणि तेवढंच नाही हे त्याला कळलं. करतो फोन लगेच साहेबांना, बघतो सुट्टीचं, असं काहीतरी तो बोलला. नंतर लाइन गेली.

ऊन खिडकीतून खाटेवर आलं, खाटेवरून भिंतीवर चढलं. डॉक्टर येऊन गेल्या, बोटांनी पोरीच्या पोटावर टकटक केलं, घड्याळाकडे पाहिलं. मंगल सिस्टरनं एक सीलबंद पाकीट आणून स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवलं. त्यात काय आहे ते प्रांजलनं विचारलं नाही, पण ती त्याच्याकडे टक लावून बघत राहिली, आणि बघता बघता ग्लानीनं तिचा डोळा लागला. अंजनाचा हात आपोआप लांब झाला आणि पोरीच्या खाली गेला.

कोरडं.

तिनं हात काढून घेतला. मग पुन्हा घातला. कोरडं. कितीतरी वर्षं ह्याच हातानं तिनं हेच चाचपलं होतं आणि कोरडं लागलं की देवाचे आभार मानले होते. आता कोरडी चादर बोटांना लागली की ती हात काढून पुन्हा घालत होती. मिस्बाह तिच्याकडे बघत होती. जिन्यावर कुणाच्यातरी लेकराचं रडणं वर आलं आणि खाली गेलं. रस्त्यावर भाजीवाल्याची गाडी ओरडत होती, स्वस्त लावली, मेथी स्वस्त लावली. अंजनानं वाकून पोरीच्या कानाशी तोंड नेलं आणि ती बोलायला लागली, काय बोलते ते तिचं तिलाच नीट कळत नव्हतं. लहानपणी, पाळण्यात असताना, रात्री उठवून मोरीत धरायची तेव्हा करायची तसा बारीक आवाज, सू सू, कुठल्याही आईचा असतो तसला. मध्येच ती म्हणाली, "होऊ दे गं. सांडू दे सगळं. मी हाय न्हवं इथं." माळावरची बोली तिच्या तोंडात कधी आली तिला समजलं नाही, वीस वर्षांत ती तसं एकदाही बोलली नव्हती, पोरीशी तर नाहीच. आणि तिचा हात तिथंच राहिला, पोरीच्या अंगाखाली, मुंग्या येऊन बधिर होईपर्यंत, म्हणून जेव्हा ते झालं तेव्हा आधी तिला आपल्याच हाताला काहीतरी भासतंय असं वाटलं.

कोमट होतं. थोडंसंच, तळहाताएवढं. मग पसरत गेलं, तिच्या बोटांच्या बेचक्यांतून, मनगटापर्यंत, थांबलं, आणि पुन्हा आलं. अंजना हलली नाही. तिला ओरडावंसं वाटत होतं आणि श्वास घ्यायचीही भीती वाटत होती, की आपण हललो तर ते थांबेल. मग प्रांजल जागी झाली. तिनं डोळे उघडले नाहीत, पण ती जागी झाली ते अंजनाला कळलं. अंग ताठ झालं, गुडघे पोटाशी आले, श्वास अडकला. तेच जुनं सोंग. बराच वेळ तशीच राहून ती मिटल्या डोळ्यांनीच कुजबुजली, "आई. चादर काढ ना. कुणी यायच्या आत."

अंजनाला ते शब्द ऐकू आले आणि ते मानावेत असं तिला फार वाटलं. इतकी वर्षं तिनं हेच केलं होतं, अंधारात, दिवा न लावता. ती उठली. दाराशी गेली. तिच्या ओल्या हाताकडे मिस्बाहनं पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले. अंजनानं दार पूर्ण उघडलं आणि व्हरांड्याच्या टोकाला बसलेल्या मंगल सिस्टरला हाक मारली. आवाज मोठा निघाला, जितका ठरवला होता त्याहून मोठा, आणि बाकीच्या खाटांजवळच्या बायकांनी माना वळवल्या.

"सिस्टर, झाली. गादीतच झाली."

मागे खाटेवर प्रांजलनं पांघरूण तोंडावर ओढून घेतलं. अंजना ते न बघताही जाणत होती, आणि पोर आपल्याला हे कधी माफ करेल की नाही हेही तिला ठाऊक नव्हतं. मंगल सिस्टर मात्र जवळजवळ धावतच आली. बघू बघू म्हणाली, पांघरूण बाजूला केलं, अंजना चादर गोळा करायला लागली तर तिनं तिचा हात धरला. फेकू नका, भिजवू नका, ही मोजायची हाय. तिनं दोन्ही हातांनी ती चादर कडांकडून दुमडत आणली, थेंबही खाली पडू नये असं जपत, आणि बाळांचं वजन करायच्या काट्यावर नेऊन ठेवली. मग कपाटातून तसलीच एक कोरडी चादर काढून तिचं वजन केलं, ते त्यातून वजा केलं आणि कागदावर लिहिलं. दाराशी आलेल्या डॉक्टरांनी तो आकडा वाचला. त्यांच्या खांद्यांतून काहीतरी उतरलं. अंजनानं ते पाहिलं. "मूत्रपिंडं जागी झालीत," त्या म्हणाल्या, आणि स्टीलच्या ट्रेमधलं पाकीट उचलून सिस्टरच्या हातात परत दिलं.

प्रांजल पांघरुणाच्या फटीतून हे सगळं बघत होती. आपली चादर, जिचा वास कुणाला येऊ नये म्हणून तिनं सगळं केलं होतं, ती तीन मोठी माणसं घेऊन उभी होती आणि कुणी नाक मुरडत नव्हतं.

"बास झाली?" तिनं बारीक आवाजात विचारलं.

"कशाची बास," मंगल सिस्टर म्हणाली. "एवढीशीनं काय व्हतंय? रातभरात आजून व्हायला पायजे, लय व्हायला पायजे. मी चादरी काढून ठेवते."

प्रांजलनं आईकडे पाहिलं. डोळ्यांत अजून भीती होती, ती एवढ्यात जाणारही नव्हती. पण तिच्या मागे दुसरं काहीतरी, अविश्वासासारखं, डोकं वर काढत होतं.

"मुद्दाम?" तिनं विचारलं.

"व्हय," अंजना म्हणाली. "मुद्दाम."